पिन लावलेली दोन पानं

धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजातले सर पहिल्यांदा आमच्या मळ्यात आले तेव्हा मी आधी त्यांच्या हातातली पिशवी पाहिली. पिशवी रिकामी होती. रिकामी पिशवी घेऊन शेतावर येणारा माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो, हा माझा जन्माचा अनुभव आहे. आमच्याकडे चोपडा तालुक्यात केळीच्या बागेतून पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. मी मनात म्हटलं, दोन फण्या देऊ आणि वाटेला लावू.

सरांना केळी नको होती. त्यांना वही पाहिजे होती.

वही माझ्या बायकोची. तिला जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. कावीळ झाली. आधी गावातलं औषध, मग चोपड्याचा दवाखाना, मग जळगाव, आणि सगळं मिळून पंधरा दिवसांत संपलं. मुलगा जळगावलाच पाइपाच्या कारखान्यात आहे, तो म्हणाला, आबा, आता इकडेच राहा. मी गेलो नाही. तिच्या मागे घरात जे होतं ते एवढंच: तिची दोन लुगडी मी ठेवून घेतली, एक पितळी डबा, आणि ती वही.

ती चुली घालायची. साध्या नव्हेत, बिनधुराच्या. तिच्या आईचे डोळे धुरानं गेले होते, शेवटी शेवटी ती म्हातारी लेकीला आवाजावरून ओळखायची. म्हणून सरकारची बिनधुराच्या चुलींची योजना आली आणि जळगावला दहा दिवसांचं शिक्षण आहे असं कळलं, तेव्हा हिनं नाव दिलं. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी नाही म्हणालो होतो. बाईमाणसानं दहा दिवस जळगावला राहायचं, तेही चूल शिकायला? चूल काय शिकायची असते? ती म्हणाली, "तुम्हले भाकर खानी शे. चूल फुकनारी मी शे." आणि गेली.

तिकडे शिकवलेली चूल आमच्याकडे चालली नाही. ती लाकडासाठी होती. आमच्याकडे जळण म्हणजे कपाशीच्या काड्या. काडी भसकन पेटते आणि भसकन विझते. हिनं मग आमच्या परसात चूल घातली, मोडली, पुन्हा घातली. उन्हाळाभर मी अर्धी कच्ची भाकरी खाल्ली. शेवटी जमलं. पुढचं तोंड अरुंद केलं, भांडं बसायच्या पहिल्या वैलाकडून दुसऱ्या वैलाकडे जाळ जायचा बोगदा लहान केला, मधे मातीचा उंबरा घातला, आणि मागून सिमेंटचा पाइप छपराबाहेर काढला. धूर सगळा वर. मग ती गावोगाव जाऊन चुली घालायला लागली. दुसऱ्या बायकांना शिकवायची. किती चुली घातल्या ते तिनंही कधी मोजलं नाही.

मी दुसरीपर्यंत शिकलो, ती चौथी पास. वहीत तिनं चित्रं काढली होती, आणि शेजारी मापं: तोंड एक वीत, उंची एक वीत वर दोन बोटं, बोगदा अर्धी वीत. फूट, इंच काही नाही.

आणि ही वही दुसरी होती. पहिली गेली. एक साहेब आला होता, जीपमधून. वाखाणणी केली, चहा घेतला, झेरॉक्स काढून आठ दिवसांत परत पाठवतो म्हणाला. पुढच्या वर्षी चोपड्याच्या एका कचेरीत मला एक छापील पुस्तिका दिसली. चित्र हिचंच. अरुंद तोंड, मधला उंबरा, सगळं तेच. खाली नाव कुणाचंच नव्हतं. मी घरी येऊन आदळआपट केली. ती पीठ मळत होती, वर न बघता म्हणाली, "चूल पेटस ना तेस्नी? मंग झायं."

माझं नाही झालं. ती वही परत आली नाही. तिनं दुसरी वही आणून आठवून आठवून पुन्हा सगळं लिहिलं.

तर सर मळ्यात बांधावर बसून सांगायला लागले. वय चाळिशीचं, डोक्याला रुमाल बांधला होता. कॉलेजात एक ग्रंथालय करतोय म्हणाले. पर्यावरणाला धरून जे जे तंत्र आहे ते सगळं त्यात. गोबरगॅस, नाला अडवणं, ठिबक, सांडपाण्यावरची परसबाग, बिनधुराची चूल. मुलांना ते शिकायला मिळेल.

"पुस्तकं किती आहेत?" मी विचारलं.

"पुस्तकं नाहीत, आबा. सगळं कॉम्प्युटरमध्ये. एका चकतीत, म्हणजे सीडीत, कपाटभर कागद बसतो."

"म्हणजे ग्रंथालयात पुस्तक नाही."

"नाही."

"आणि वही कॉम्प्युटरात घातली की बाहेर कशी काढायची?"

"वही आत जात नाही हो! तिचं चित्र जातं."

मी म्हटलं, असं जीपवालाही म्हणाला होता. सरांना जीपवाला माहीत नव्हता, त्यांना मी सांगितलाही नाही. मी अट घातली. वही माझ्या हातून सुटणार नाही. मी स्वतः देवपूरला घेऊन येईन, तुमच्या मशीनजवळ बसेन, माझ्या डोळ्यांदेखत काय काढायचं ते काढा, आणि त्याच दिवशी मी वही घेऊन परत. सर म्हणाले, बिलकुल. इतक्या लवकर हो म्हणाले म्हणून मला आणखी संशय आला.

जायच्या आदल्या दिवशी मी वही उघडली आणि शेवटची दोन पानं एकमेकांना जोडून पिन लावली. लुगड्याच्या पदराला ती लावायची ती पिन.

शेवटच्या पानावर तिचा हात होता. पान आडवं धरून, त्यावर हात ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवतात तसा. डावा हात, बोटं पूर्ण ताणलेली, अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला. तेराव्यानंतर वही चाळताना मला ते पान सापडलं. तिनं ते कधी काढलं, का काढलं, मला काही माहीत नव्हतं. माझ्या मनानं घेतलं की माझ्यासाठी ठेवलं. दिवेलागणीला मी ओट्यावर बसून त्या हातावर माझा हात ठेवायचो. वर्षभर ठेवला. ते मी मुलाला दाखवलं नाही, सुनेला दाखवलं नाही. कॉलेजच्या मशीनला तर कशाला दाखवू?

अमळनेरवरून जाणाऱ्या एसटीत वही धोतराच्या सोग्यात बांधून, वर सदरा, पोटाशी हात धरून बसलो. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, आबा, पोटात दुखतं का?

देवपूरच्या त्या खोलीत चपला बाहेर काढायला लावल्या. मी म्हटलं, देऊळ आहे का? तर म्हणे धुळीनं मशीन बिघडतं. आत कॉलेजच्या ग्रंथपाल बाई होत्या, पन्नाशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, काम त्याच करायच्या. सर येऊन जाऊन. बाईंनी मला खुर्ची दिली. मी ती ओढून मशीनच्या अगदी जवळ घेतली.

मशीन म्हणजे काचेची पेटी. वही पालथी ठेवायची, झाकण लावायचं, आतून उजेड सरकत जातो. पहिलं पान झाल्यावर मी वही उचलून बघितलं.

"काय बघताय, आबा?"

"अक्षर आहे का ते. उन्हात ठेवलेलं अक्षर फिकं पडतं."

"आहे ना?"

"आत्ता आहे. उद्याचं कोणी सांगितलंय?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हळूहळू करू. प्रत्येक पान झालं की तुम्ही बघा, मगच पुढचं." तसंच केलं. दुपारपर्यंत चाललं. मधे लाइट गेली तेव्हा मी वही पेटीतून काढून मांडीवर घेऊन बसलो. पेटीत राहू दिली नाही.

शेवटी ती जोडपानं आली.

"ही दोन पानं चिकटलीत का?"

"पिन लावलीय."

"काढू?"

"नको. कोरी आहेत."

"कोरी असली तरी आम्ही घेतो, आबा. अख्खी वही जशीच्या तशी पाहिजे."

"ती नाही," मी म्हटलं आणि वही ओढून घेतली. बाईंनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. मग पेटीचं झाकण लावून टाकलं.

मग सर आले. मुलांना कळावं म्हणून वहीतला मजकूर टाइपही करायचा होता, सगळी मापं इंचांत. सर म्हणाले, "एक वीत म्हणजे नऊ इंच धरतात. तेच धरू या."

आता मला हे 'धरू या' आवडलं नाही. चूल घालणारी बाई आमच्या घरची, आणि तुम्ही धुळ्यात बसून धरणार? मी हात टेबलावर आपटला, बोटं ताणली आणि म्हटलं, "धरता कशाला? मोजा की!"

बाईंनी पट्टी लावली. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साडेनऊ भरलं.

"बघा," मी म्हटलं. "अर्धा इंच खाल्ला असता तुम्ही."

सर म्हणाले, "बरं झालं, आबा, तुम्ही होतात." त्यांनी कागदावर साडेनऊ लिहिलं. परतीच्या गाडीत मी खुशीत होतो. शिकलेल्या माणसाला पकडलं होतं.

पुढच्या महिन्यात सरांचं पत्र आलं. वहीवरून कॉलेजच्या मागच्या अंगणात चूल घातलीय, मुलांपुढे पेटवायचीय, तुम्ही पाहिजे. मी धुतलेलं धोतर नेसून गेलो. अंगणात वीस-पंचवीस पोरंपोरी उभी होती. चूल एका गवंड्यानं घातली होती, इंचाइंचानं, टाइप केलेला कागद समोर धरून. दिसायला सुबक होती, पण मला कशी ओळखीची वाटेना. आमच्याकडे लग्न झालेल्या पोरी माहेरपणाला येतात तेव्हा अंगानं भरलेल्या दिसतात, तशी ती दिसत होती.

कपाशीच्या काड्या आणल्या होत्या. पेटवल्या. जाळ झाला, आणि क्षणभरानं तोंडातून धूर बाहेर आला. पाइपातून नाही. तोंडातून, पोरांच्या अंगावर. पोरी पदर-ओढण्या नाकाला लावून मागे सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "ही बिनधुराची का?" आणि हशा झाला.

गवंडी म्हणाला, "वहीतच घोळ शे, सर."

मी त्याच्या अंगावर गेलो. म्हटलं, तू माती चोरलीस, पाइप वाकडा बसवलास, तुझ्या बापानं कधी चूल घातली होती का?  त्यानं पाइप काढून पुन्हा बसवला. ओल्या काड्या असतील म्हणून दुसऱ्या आणल्या. धूर तोंडातूनच.

सरांनी मला बाजूला नेलं. माणूस गोड बोलायचा, म्हणून जास्त लागलं. म्हणाले, "आबा, यावरून मुलं शिकणार. दुसऱ्या कॉलेजांना चकत्या जाणार. जी चूल धूर ओढत नाही तिचं माप मला ठेवता येणार नाही. वहीचं चित्र राहू देऊ, आठवण म्हणून. पण शिकवायच्या भागातून काढावं लागेल. महिनाअखेरीला चकती तयार होतेय. तोवर काही सापडलं तर सांगा."

आठवण म्हणून! म्हणजे म्हाताऱ्याचं मन राखायला.

मी काय काय बोललो ते सगळं सांगत नाही. हे तुम्ही मुद्दाम केलं, म्हटलं. तुमची स्वतःची चूल असेल कुठली तरी, ती घालायचीय, म्हणून हिची खोटी पाडली. पुस्तिकेत नाव गाळलं होतं, तुम्ही काम गाळताय. सर ऐकून घेत होते. त्यांना पुस्तिका कुठली तेच कळत नव्हतं. ग्रंथपाल बाईंनी पाण्याचा पेला आणून दिला, तो मी तसाच ठेवून निघालो.

एसटीत बसल्यावर मात्र दुसराच विचार आला. समजा वहीत खरंच चुकलेलं असेल? पहिली वही नेली, दुसरी हिनं आठवून लिहिली. आठवण्यात काही सुटलं असेल? आयुष्यभर मी तिच्या चुलीवर जेवलो. डोळ्याला कधी धूर लागला नाही. पण ते माझ्यावर कोण विश्वास ठेवून लिहून घेणार? चूल मोजून दाखवायला पाहिजे होती. आमची स्वतःची चूल ती गेल्यावर सुनेनं गॅस आणून दिला तेव्हा मीच मोडली होती. बघवत नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशीपासून मी तिच्या चुली शोधायला निघालो. खिशात शिंप्याकडून मागून आणलेली फीत. एका गावात गेलो, तिथं घरच नवीन, वर स्लॅब, ओट्यावर गॅस. दुसऱ्या गावात चुलीच्या जागी पाण्याची मोटर ठेवलेली. तिसऱ्या गावी, तापीकडच्या अंगाला, एक बाई होती, हिच्याबरोबर चुली घालत फिरलेली. आता म्हातारी झाली होती, पण चूल रोज पेटत होती. भाकरी टाकत होती. घरात धुराचा वास नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं नव्हतं एवढं मी खात्रीनं सांगतो.

मी फीत काढली आणि चुलीच्या तोंडाला लावली. सहा इंचही भरेना. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला साडेपाच. वहीत एक वीत. काही ताळमेळ नाही.

"आबा, काय मोजी राह्यनात?" म्हातारी म्हणाली. "रोज पोतारस मी तिले. बारा वरीसनी माटी शे ती. आते तिनं तोंड मन्हा तोंडनागत व्हयी गयं." आणि स्वतःच्या बोळक्या तोंडावर हात ठेवून हसली.

खरंच होतं. आमच्या बायका सकाळी आंघोळ करून आधी चुलीला शेणमातीचा हात फिरवतात. रोज एक पातळ थर. बारा वर्षांत चूल आतून बुजत येते. तोंडात मध्येच हात घालून खरवडायचं असतं, पण सारखं कोण खरवडतं? म्हणजे जिथं जिथं तिच्या चुली राहिल्या तिथं माप राहिलं नव्हतं. मी फीत गुंडाळली. म्हटलं, संपलं.

म्हातारी मला म्हणाली, "माप पाह्यजे तर वही शे ना तुमनाजोडे?"

"वहीत वीत लिहिलीय. वीत माझ्या हातानं मोजून दिली."

तिनं तव्यावरची भाकरी तशीच राहू दिली. माझ्या हाताकडे बघितलं. माझा हात म्हणजे चाळीस वर्षं केळीचे घड उतरवलेला पंजा.

"तुमना हात?" ती म्हणाली. "आबा, तुमना हातमा दोन चुली बसतीन! वहीमा तिना हात शे ना, शेवटना पानवर. तुम्हले माहीत नही?"

मी गुंडाळलेली फीत खिशात घातली.

"आम्ही बठ्ठ्याजणी त्यावर हात ठेवूत. मंग ती सांगे, तुना हात मोठा शे, एक बोट कमी धर. तुना लहान शे, एक बोट जास्ती धर. मन्हा तिनाएवढाच व्हता." भाकरी करपली तेव्हा तिचं लक्ष गेलं. "अगंबाई," म्हणाली आणि उलटली.

मी तिच्या दारातून निघालो आणि नाल्याच्या पुलावर बराच वेळ बसलो. दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या, कोणती आधी सोसायची ते कळेना. एक, ते पान माझ्यासाठी नव्हतं. तालुक्यातल्या बायांनी त्यावर हात ठेवले होते, शेणामातीचे, घामाचे, आणि मी समजत होतो की तिनं जाता जाता मला एकट्याला दिलं. दुसरी याहून वाईट. वर्षभर मी त्या हातावर हात ठेवत होतो. माझी बोटं रेघेच्या बाहेर जायची. रोज दिसायचं मला. तिचा हात माझ्यापेक्षा किती लहान आहे हे मला जेवढं माहीत होतं तेवढं कुणाला नव्हतं. आणि देवपूरच्या टेबलावर वीत मोजायची वेळ आली तर मी माझा पंजा आपटला. ही वहीही जीपवाल्यानं नेली असती तरी एवढं नुकसान झालं नसतं. सगळ्यांवर नजर ठेवून बसलो होतो, चपला बाहेर काढून, खुर्ची ओढून. माझ्यावर नजर ठेवायला कोणी नव्हतं.

घरी आलो. ओट्यावर बसून पिन काढली. त्या दिवशी पान उजेडाकडे तिरकं धरून नीट बघितलं. पेन्सिलीच्या रेघेवर कितीतरी बोटांचे मळकट डाग होते. इतके दिवस ते मी कागदाचं जुनेपण समजत होतो. म्हटलं, न्यायचं की नाही? नाही नेलं तर पान माझं राहील, असंच, पिन लावून. आणि तिची चूल देवपूरच्या चकतीत 'आठवण' म्हणून राहील, वर पोरांचं हसू. सकाळी पहिल्या गाडीनं निघालो.

ग्रंथपाल बाई खोलीत एकट्याच होत्या. मी चपला काढल्या. वही उघडून शेवटचं पान त्यांच्यापुढे ठेवलं.

"कोरं नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी पान बघितलं, मग माझ्याकडे. "वही लिहिली त्यांचा?"

"हां."

"आबा, हे तुम्हाला द्यायचं नव्हतं ना? नका देऊ. मी नुसतं माप घेते, पान पेटीत घालत नाही."

एवढ्या वेळात हे एकच वाक्य मला संशयाशिवाय ऐकू आलं. मी म्हटलं, नाही, घाला. नुसतं माप लिहिलं तर उद्या आणखी कुणी तरी आपला हात आपटून म्हणेल, हे चुकलंय.

उजेड सरकत गेला. पडद्यावर हात आला. केवढा तर माझ्या डोक्याएवढा, बोटं भाल्यांसारखी.

"थांबा," मी ओरडलो. "हे काय? हा मोठा झाला!"

"पडद्यावर मोठा दिसतो हो. लहान-मोठा करता येतो."

"करता येतो म्हणजे कुणीही करेल. मग पुन्हा घोळ. ज्याला जेवढा दिसेल तेवढी तो वीत धरेल."

बाईंनी पडद्यावरचा हात लहान करून दाखवला. मग मीच टेबलावरची लाकडी पट्टी उचलली. म्हटलं, ही हाताशेजारी ठेवा आणि दोघांना मिळून काढा. हात कितीही फुगवा, पट्टीही तेवढीच फुगेल. फसवता येणार नाही.

बाई पहिल्यांदा हसल्या. "आबा, हे आम्हाला सुचायला पाहिजे होतं."

"तुम्ही चांगल्या माणसांत राहता," मी म्हटलं.

पट्टीसकट पुन्हा काढलं. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सव्वासात इंच. माझ्या साडेनवाला सव्वासात. हिशेब सरांनी आल्यावर समजावला: चुलीचं सगळं अंग मी मोठं करून दिलं, पण पाइप बाजारातला, तो होता तेवढाच. एवढी मोठी चूल तेवढ्या पाइपानं धूर ओढणार कशी? सर मला एका शब्दानं टोचून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

गवंड्याची मी माफी मागितली नाही, पण चूल मोडताना त्याच्याबरोबर माती तुडवली. ती वाळेपर्यंत आठ दिवस गेले. महिना संपायला चार दिवस होते. सरांनी या वेळी पोरं बोलावली नव्हती. मीच म्हटलं, बोलवा. हसली त्यांना तर बोलवाच. काड्या पेटल्या. सगळे तोंडाकडे बघत होते. मी बघितलं नाही. मी अंगणातून बाहेर रस्त्यावर गेलो आणि पाइपाच्या टोकाकडे बघत उभा राहिलो. बराच वेळ काही नाही. मग पातळ निळा धूर निघाला, सरळ, पांझरा नदीच्या बाजूला वाकत गेला. आतून गवंड्याचा आवाज आला, "आबा! ओढी राह्यनी!"

चकतीसाठी सरांनी विचारलं, पानाखाली काय लिहू? 'अमुक यांच्या पत्नी' असं? मी म्हटलं, नाही. तिचं नाव. माझं त्यात काही नाही, माझं माप चुकलं होतं. त्यांनी लिहिलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं, मग मान हलवली.

मला एक चकती दिली त्यांनी. गावात ती बघायला मशीन नाही. दिव्यासमोर धरली तर त्यात माझंच तोंड दिसतं, म्हणून वहीत घालून ठेवलीय. पिन आता लावत नाही, गंजून तिनं कागदाला दोन भोकं पाडलीत. तीही चकतीत आलीत म्हणे.

तेव्हापासून धुळ्याकडे काही काम निघालं की देवपूरला उतरतो. काम नसलं तरी काढतो. चपला काढून आत जातो. बाई ओळखतात, खुर्ची पुढे करतात.

"आहे का?" मी विचारतो.

"आहे, आबा. कुठं जाणार?"

"दाखवा."

त्या चालू करतात, वेळ लागतो. मग पडद्यावर हात येतो, शेजारी पट्टी. मी शून्यापासून सव्वासातपर्यंत डोळ्यानं मोजतो. बरोबर भरलं की उठतो.